स्पर्धक गुरु होतो तेव्हां

ज्याचें तारुण्य इतरांस हरविण्यांत गेलें, त्यानें प्रौढपणीं इतरांस जिंकावयास शिकवावें, ही गोष्ट खेळांच्या जगांत इतकी नित्याची झाली आहे कीं तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटतहि नाहीं. पैलवानाचा वस्ताद होतो, फलंदाजाचा प्रशिक्षक होतो, नर्तकीची गुरुमाउली होते. फूल गळून फळ धरावें तितकें हें स्थित्यंतर लोकांस सहज वाटतें. आम्हांस तें तितकें सहज वाटत नाहीं. स्पर्धकाचा धर्म ‘मी पहिला यावें’ हा. गुरूचा धर्म ‘दुसऱ्यानें पहिलें यावें’ हा. हे दोन धर्म केवळ भिन्न नाहींत, परस्परविरुद्ध आहेत. वीस-पंचवीस वर्षें जी वृत्ति मनुष्यानें व्रतासारखी जोपासली, जिच्यासाठीं झोप, भूक आणि मैत्री यांवर पाणी सोडलें, तीच एके दिवशीं बाजूस ठेवून त्याला उलट वृत्ति अंगीं बाणवावी लागते. शरीर थकलें म्हणजे स्पर्धा थांबते हें खरें. पण शरीराबरोबर महत्त्वाकांक्षाहि थकते असें कोणीं सांगितलें? ती बहुधा थकत नाहीं. ती नवें शरीर शोधूं लागते, आणि शिष्याच्या रूपानें तें तिला आयतेंच सांपडतें. म्हणून प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, गुरूची अपुरी राहिलेली इच्छा शिष्यास तारते कीं मारते? आणि शिष्य जिंकला असतां गुरूनें ‘मी जिंकलों’ असें म्हणणें न्याय्य आहे काय?

हा प्रश्न केवळ मोठ्या मैदानांपुरता आहे अशी समजूत मात्र कोणी करून घेऊं नये. आमचें वर्षांतून कांहीं आठवडे वास्तव्य जुन्नर-आंबेगांव भागांतील पारगांवीं असतें. भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यामुळें या गांवाचें नांव दूरवर गेलें असलें, तरी गांवाचें मन अजून ऊस-कांद्याच्या शेतांत आणि यात्रेच्या दिवसांत गुंतलेलें आहे. चैत्र-वैशाखांत या भागांतील गांवोगांवच्या यात्रा सुरू झाल्या म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती होतात आणि कुस्त्यांचा आखाडाहि भरतो. प्रथम रेवड्यांवर आणि नारळावर लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, मग इनामाची रक्कम चढत जाते, हलगीचा ठेका वाढतो आणि लोक उठून उभे राहतात. अशा वेळीं आमचें लक्ष लढणाऱ्यांपेक्षां कडेला बसलेल्या, चुरगळलेल्या कानांच्या वयस्क वस्तादांकडेच अधिक जातें. मुलगा पट काढावयास वांकला कीं यांचा खांदा वांकतो. मुलगा खालीं गेला कीं यांचा श्वास अडकतो. पण कुस्ती संपल्यावर या वस्तादांत दोन जाती दिसूं लागतात. एक वस्ताद हरलेल्या मुलाच्या अंगावर पंचा टाकतो, त्याचें कोपर चांचपून पाहतो, आणि चूक कोठें झाली तें हळू आवाजांत सांगतो. दुसरा तोंड फिरवून चालूं लागतो. जणूं त्या पोरानें त्याचा विश्वासघात केला आहे. दोघांनींहि मेहनत सारखीच घेतलेली असते, दोघांसहि मुलाच्या पराभवाचें दुःख सारखेंच झालेलें असतें. भेद इतकाच कीं, पहिल्याला वाटतें ‘मुलगा हरला’. दुसऱ्याला वाटतें ‘मी हरलों’. या एवढ्याशा भेदांत आमच्या प्रश्नाचें सारें मर्म आहे.

आमच्या परंपरेंत गुरूचें जें चित्र सर्वांत ठळक आहे तें द्रोणाचार्यांचें. सरकारनेंहि उत्तम प्रशिक्षकास द्यावयाच्या पुरस्काराला त्यांचेंच नांव दिलें आहे. एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट आपण सर्व जाणतों, आणि जन्मावरून विद्या नाकारण्याचा अन्याय म्हणून तिचा जो धिक्कार होतो तो योग्यच आहे. पण त्या कथेंत प्रशिक्षकाचा म्हणून एक निराळा अपराध आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. द्रोणांनीं अर्जुनास वचन दिलें होतें कीं, तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाहीं. हें वचन विद्येचें नव्हतें, क्रमांकाचें होतें. विद्येचें वचन पाळावयास गुरूनें स्वतः झिजावें लागतें. क्रमांकाचें वचन पाळावयास दुसऱ्याचा अंगठा तोडावा लागतो. आणि द्रोणांनीं असें वचन कां दिलें असावें, हें समजावयास त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहावें. बाळपणींचा मित्र द्रुपद यानें राजा झाल्यावर त्यांचा अपमान केला होता. शिष्य तयार झाल्यावर द्रोणांनीं गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदास बांधून आणण्याची! म्हणजे स्वतःचा राहिलेला हिशेब त्यांनीं शिष्यांच्या हातून चुकता करून घेतला. त्याचें फळ पुढें काय झालें हेंहि सर्वश्रुत आहे: द्रुपदानें सूडासाठीं पुत्र मागितला आणि त्याच धृष्टद्युम्नाच्या हातून द्रोणांचा अंत झाला. शिष्यांकडून आपली जुनी लढाई लढवून घेणाऱ्या गुरूंचा हा आद्य नमुना होय.

या उलट जें एक सुभाषित आपल्याकडे प्रसिद्ध आहे, तें सांगतें कीं सर्वत्र विजय इच्छावा, पण पुत्राकडून व शिष्याकडून पराजय इच्छावा. वचन उदात्त आहे. तथापि तेंहि आम्हांस अर्ध्या वाटेवरचें वाटतें. कारण शिष्याकडून हरावयाचें तरी गुरूनें मनानें आखाड्यांतच उभें राहिलें पाहिजे! शिष्याशीं तुलना करणें जेथें थांबतें, तेथून खरें गुरुत्व सुरू होतें.

हें शक्य आहे काय? अलीकडचें एक उदाहरण पाहूं. फेब्रुवारी १९८८ मध्यें मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यांत शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोन मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. ती कथा घरोघर ठाऊक आहे. त्याच संघांतील, रमाकांत आचरेकरांच्याच हाताखालीं शिकणारा, अमोल मुझुमदार नांवाचा मुलगा त्या सर्व वेळांत पायांना पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाहीं. पुढें १९९४ त रणजी सामन्यांतील पदार्पणांतच त्यानें हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणांतील तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. २००६-०७ त त्याच्याच नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. २०१४ त तो निवृत्त झाला, तेव्हां त्याच्या नांवावर प्रथम श्रेणींतील ११,१६७ धावा आणि ३० शतकें होतीं. परंतु भारताच्या संघांत त्यास एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मधली फळी असतां पांचव्यास जागा कोठून मिळणार? यांत कोणाचा दोष दाखवितां येत नाहीं, आणि म्हणूनच तें दुःख अधिक कठीण. कारण ज्याच्यावर रागवावें असा कोणी नसतो.

ऑक्टोबर २०२३ मध्यें हाच मुझुमदार भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकांत त्या संघानें दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन सामने गमावले. त्यानंतर ३० ऑक्टोबरला नवी मुंबईंत उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाचें ३३९ धावांचें आव्हान जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर पार झालें, आणि २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून भारतीय महिलांनीं प्रथमच विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षकाच्या पायां पडली, तें दृश्य देशानें पाहिलें. दुसऱ्या दिवसापासून अनेकांनीं एक गोड वाक्य लिहिलें: ज्याला भारताची टोपी मिळाली नाहीं, त्याचें स्वप्न या मुलींनीं पूर्ण केलें.

वाक्य गोड आहे हें आम्हांस मान्य. पण तें खरें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. अंतिम सामन्यांत ८७ धावा काढून दोन गडी बाद केले ते शफाली वर्मानें. अर्धशतक काढून पांच गडी टिपले ते दीप्ति शर्मानें. या मुली आपापल्या गांवांतून, आपापल्या घरच्या विरोधांतून वा पाठिंब्यांतून, स्वतःचें स्वप्न घेऊन आल्या होत्या. दुसऱ्याचें स्वप्न पुरें करावयास नव्हे. त्यांच्या विजयास गुरूच्या दुःखाचें औषध ठरविणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि गुरूवरहि आहे. कारण जे सामने खेळावयाचे राहिले, ते राहिलेच. विश्वचषक हातीं आला म्हणून १९९० च्या दशकांतील एकहि कसोटी मागें जाऊन खेळतां येत नाहीं. आयुष्याच्या वहींतील कांहीं खातीं तशींच उघडीं राहतात. दुसऱ्याच्या जमेनें आपली बाकी फिटत नाहीं. हा हिशेब फिटणार नाहीं हें पुरतें उमजून जो पुन्हां पहांटे मैदानावर जातो आणि दुसऱ्याच्या पायांची ठेवण सुधारीत बसतो, त्याचें मोठेपण त्या न फिटण्यांतच आहे. स्वप्न पूर्ण झालें असें म्हणून आपण तें मोठेपण हलकें करतों.

येथें कोणी म्हणेल कीं, क्रिकेटच्या प्रशिक्षकाची परीक्षा त्या मानानें सोपी. त्याचे सर्व शिष्य एकाच बाजूनें खेळतात. दोन शिष्य एकमेकांविरुद्ध उभे राहिले म्हणजे गुरूचें मन कसोटीस लागतें. आक्षेप रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठीं आम्ही वाचकांस जरा दूरदेशीं, बर्फावरील नृत्याच्या स्पर्धेकडे घेऊन जातों. आपल्या उष्ण देशास हा खेळ अपरिचित आहे. एक पुरुष व एक स्त्री पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून गोठविलेल्या बर्फावर संगीताच्या तालांत नृत्य करितात. यांत जोडीदारास हवेंत फेंकण्याचा पराक्रम नसतो. पावलांची शुद्धता, दोघांतील जवळीक आणि लय यांवर परीक्षक गुण देतात. १९७६ पासून ऑलिंपिकांत या नृत्याचा समावेश आहे. कॅनडाच्या मारी-फ्रान्स ड्यूब्रेय आणि पॅट्रिस लॉझों या जोडीनें त्यांत मोठें नांव मिळविलें. पण २००६ आणि २००७ या दोन्ही वर्षीं जागतिक स्पर्धेंत त्यांस रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें, आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकांत तर जोडीदारानें उचललें असतां पकड सुटून ड्यूब्रेय बर्फावर आपटली व त्यांना स्पर्धाच सोडावी लागली. पुढें हीं दोघें माँट्रियल येथें प्रशिक्षक झालीं.

त्यांच्या हाताखालीं पापाडाकिस आणि सिझेरॉन ही फ्रान्सची जोडी २०१५ व २०१६ त जगज्जेती झाली. त्याच सुमारास कॅनडाची व्हर्च्यू आणि मॉयर ही जोडी, जिनें २०१० त ऑलिंपिक सुवर्ण आणि २०१४ त रौप्य मिळविलें होतें, विश्रांतीनंतर पुन्हां स्पर्धेंत उतरावयाचें ठरवून याच गुरूंकडे आली. आपला सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी याच छपराखालीं शिकतो हें दोन्ही जोड्यांस ठाऊक होतें. २०१८ त प्योंगचांगच्या ऑलिंपिकांत सुवर्णपदक व्हर्च्यू-मॉयर यांस २०६.०७ गुणांनीं मिळालें आणि रौप्यपदक पापाडाकिस-सिझेरॉन यांस २०५.२८ गुणांनीं. एका गुणाहूनहि कमी अंतर. आणि दोन्ही बाजूंस गुरु तेच. चार वर्षांनीं बीजिंगमध्यें सुवर्ण मिळालें तें पापाडाकिस-सिझेरॉन यांस.

त्या ०.७९ गुणांच्या फरकापुढें गुरूनें हंसावें कीं रडावें? ज्या गुरूनें क्रमांकाचें वचन दिलें असेल, त्याला यांतून सुटका नाहीं. त्याला कोणाचा तरी अंगठा मागावाच लागेल, मग तो उघड मागो वा शिकविण्यांत हातचें राखून मागो. ज्यानें विद्येचें वचन दिलें असेल, त्याची वाट मोकळी आहे. त्याला दोघांसहि सांगतां येतें: “मला जें येतें तें सर्व तुला देईन. तुझा प्रतिस्पर्धी दुबळा राहील असें मात्र सांगणार नाहीं. कारण तोहि माझ्याकडे त्याच हक्कानें आला आहे.” द्रोणांना हें वाक्य उच्चारतां आलें असतें तर महाभारतांतील एक घोर पाप टळलें असतें. दोघांचीं रहस्यें एकाच्या हातीं असण्यांत धोका आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. अशा ठिकाणीं नियमांपेक्षां गुरूच्या इमानावरच अधिक भिस्त ठेवावी लागते. परंतु तें इमान अशक्य नाहीं, इतकें तरी त्या दोन पदकांवरून दिसून येतें.

आतां दुसरा आक्षेप. अतृप्तीवांचून कठोरता येत नाहीं, आणि कठोरतेवांचून शिष्य घडत नाहीं, असें पुष्कळांचें मत आहे. त्यांच्या बाजूस आचरेकरांचेंच उदाहरण देतां येईल. त्यांच्या स्वतःच्या वांट्यास प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आला. पण त्यांनीं शिवाजी पार्कवर जीं मुलें घडविलीं त्यांतून अनेक कसोटीवीर निघाले. १९९० त त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० त पद्मश्री मिळाली; २०१९ च्या जानेवारींत ते निवर्तले. नोव्हेंबर २०१३ मध्यें वानखेडे मैदानावर निरोपाचें भाषण करितांना तेंडुलकरानें सांगितलें कीं, २९ वर्षांत सरांनीं आपणांस एकदांहि शाबासकी दिली नाहीं. ही कठोरता गुरूच्या अतृप्तींतून आली होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि त्याचा पुरावा एका रुपयाच्या नाण्यांत आहे. आचरेकर सर यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवीत; बाद करील त्या गोलंदाजाचें तें, आणि कोणासहि बाद करितां आलें नाहीं तर फलंदाजाचें. कसेंहि झालें तरी नाणें मुलाकडेच जाई. सरांच्या खिशांत परत येण्याची वाट नियमांतच नव्हती. कठोरता कोणासाठीं आहे, हें तिची दक्षिणा कोणास मिळते यावरून ओळखावें. शाबासकी अजिबात न देण्याच्या रीतीविषयीं मात्र आम्ही साशंक आहों. एका रोपास जें ऊन मानवलें तें सर्वांस मानवेलच असें नाहीं. आणि यशस्वी शिष्य भाषण करितो तसें, त्याच उन्हांत वाळून गेलेलीं रोपें भाषण करावयास येत नाहींत.

इतकें सर्व लिहिण्याचें कारण खेळाडूंची चिंता हें नव्हे. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं ऑलिंपिकाचें पदक येण्याचा संभव आहे. पण गुरूची भूमिका मात्र प्रत्येक घरांत कोणी ना कोणी वठवीत असतो. ज्या पित्यास वैद्यकाच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला नाहीं, ज्या मातेचें गाणें लग्नानंतर सुटलें, त्यांच्या घरांतील मुलांकडे पाहावें. प्राध्यापकाच्या धंद्यांत आम्हांस असे पुष्कळ विद्यार्थी दिसतात, ज्यांनीं विषय स्वतः निवडलेला नसतो; तो वडिलांच्या एखाद्या जुन्या निकालपत्रानें निवडलेला असतो. शहरांतच नव्हे, पारगांवच्या परिसरांतहि आतां वर्गांचे आणि प्रशिक्षणाचे फलक लागले आहेत, आणि संध्याकाळीं दुचाकीच्या मागें बसून पेंगणारीं मुलें एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत नेलीं जातात. नेणारांचें प्रेम खोटें नाहीं. त्यांच्या त्यागाची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं; स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन मुलांचें शुल्क भरणाऱ्यांची थट्टा कोण करील? पण प्रेमांत जेव्हां स्वतःची जुनी हार मिसळते, तेव्हां मुलाला एकाऐवजीं दोन आयुष्यांचें ओझें वाहावें लागतें. त्याला स्वतः हरण्याची मोकळीक उरत नाहीं. कारण त्याच्या हरण्यानें आणखी एक मनुष्य दुसऱ्यांदा हरतो. ज्याला हरतां येत नाहीं त्याला शिकतांहि येत नाहीं, हें कोणताहि जाणता वस्ताद सांगेल.

मग अपुऱ्या इच्छेचें करावयाचें काय? ती दडपून टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. दडपलेली इच्छा चोरवाटेनें बाहेर पडते. ती उघडपणें आपली म्हणून मान्य करावी, हाच उपाय आम्हांस दिसतो. ‘हें मला मिळालें नाहीं, त्याचें मला दुःख आहे, आणि तें दुःख माझें आहे, याचें नाहीं,’ असें ज्याला मनाशीं म्हणतां आलें, त्याच्या हातून शिष्याचा घात होण्याचें भय थोडें. उलट त्याच दुःखानें त्याला एक दुर्मिळ दृष्टि लाभते. सतत जिंकणाऱ्यास आपण कां जिंकतों हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं. ज्याला पदरीं न येणारी पाळी ठाऊक आहे, ज्यानें बर्फावर आपटण्याचा क्षण भोगला आहे, त्याला शिष्याच्या चुकेंत आळस कोणता आणि भीति कोणती हें ओळखतां येतें. लागोपाठ तीन सामने हरलेल्या संघापुढें उभें राहून काय बोलावें आणि काय बोलूं नये हेंहि त्याला कळतें. पराभव वारशानें देऊं नये; पराभवानें जें कळलें तें अवश्य द्यावें.

आणि यांत गुरूचा केवळ त्यागच आहे, लाभ कांहीं नाहीं, असेंहि नव्हे. विजय ही अशी वस्तु आहे कीं ती एकालाच मिळते आणि त्याच्याबरोबरच संपते. गेल्या पिढींतील विजेत्यांचीं नांवें आज किती जणांस आठवतात? विद्येचें तसें नाहीं. ती दिल्यानें उणी होत नाहीं, आणि एकाच वेळीं दोन प्रतिस्पर्ध्यांच्या अंगीं नांदूं शकते. धोबीपछाड प्रथम कोणीं मारली हें कोणास ठाऊक नाहीं. पण पारगांवच्या एखाद्या पोराच्या खांद्यांत ती आज जिवंत आहे, कारण मधल्या प्रत्येक पिढींत कोणी तरी आपलें नांव विसरून ती पुढें दिली. स्पर्धकास जग विचारतें, ‘तूं कितवा आलास?’ गुरूला हा प्रश्न लागूंच पडत नाहीं. त्याला विचारावयाचा प्रश्न एकच: ‘तुझ्याजवळचें तूं सर्व दिलेंस काय?’ या प्रश्नाचें उत्तर देण्यास परीक्षक लागत नाहींत, गुणफलक लागत नाहीं, आणि दुसऱ्या कोणास हरावेंहि लागत नाहीं.